केळीच्या बुडाशी मूठभर युरिया

कासवांच्या कुंपणातल्या त्या प्रकरणात काकांचा काहीही दोष नव्हता. दोष माझा होता. हे मी आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

नव्वदच्या दशकात कापड विणायच्या लूमवरचं काम सुटलं आणि मी सुरतेतल्या महापालिकेच्या एका बागेत माळी म्हणून लागलो. लोकांनी हौसेने पाळून मग टाकून दिलेली सहा कासवं तिथे आली होती. त्यांच्यासाठी आत झाडं लावलेलं नवं कुंपणाचं आवार करायचं काम म्हाताऱ्या गुजराती माळीकाकांकडे आणि माझ्याकडे आलं. मला तर रात्री झोप लागेना! सकाळी लिंबायतच्या खोलीवरून अशी सायकल दामटायचो की काकांचा पहिला चहासुद्धा संपलेला नसायचा.

काका माती चाखून घेत. समुद्राकाठच्या हजीऱ्याकडून ट्रकभर माती आली, तेव्हा त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकले. "खारी छे. पाछी लई जाओ."

भरलेला ट्रक परत न्यायचा म्हणून ड्रायव्हर वैतागला. "काका, माती कासवाला पाहिजे का जावयाला?"

"जावई तोंडाने सांगतो. कासव पानाबरोबर माती गिळतं आणि गप्प राहतं."

शेवटी तापीकाठची माती, धुतलेली वाळू, कुजलेला पाला आणि दोन वर्षं मुरलेलं शेणखत एवढंच घातलं. दुकानातलं खत आत आणायचं नाही, अशी काकांनी मला ताकीदच दिली. जास्वंद लावली, घोळीची भाजी पेरली, दूर्वा लावल्या. पहिली जास्वंद फुलली आणि एका कासवाने मान ताणून ती अख्खी मटकावली, तेव्हा मी लहान पोरासारखा ओरडलो.

त्याच भरात मी गावाहून केळीचा कंद आणला. बायको म्हणाली, "तुम्हनं डोकं फिरनं का? कासवासना घरमा केय लावतस का कोनी?" पण काकांनी एक कोपरा दिला. कोंब फुटला, पान उलगडलं, आणि मी ते येईल त्याला दाखवत सुटलो.

उद्घाटनाला महिना असताना पान पिवळं पडायला लागलं. आम्हा खानदेशी माणसांचा हात केळीला युरिया दिल्याशिवाय राहत नाही. काका जेवायला गेले तेव्हा मी मूठभर युरिया बुडाशी पुरला. पाच दिवसांत पान हिरवंगार! मी आनंदाने टाळी वाजवली.

सहाव्या दिवशी सगळ्यात मोठं कासव त्याच बुडाशी उकरलेल्या मातीत पाय ढिले सोडून पडलेलं सापडलं. मान लोंबत होती. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला उचलून नेलं आणि जाताना विचारलं, "मातीत काय घातलंय?"

"शेणखत," मी पटकन म्हणालो.

"मग ते कच्चं असणार."

काका खाली बसले. केळीच्या बुडाची माती त्यांनी जिभेवर ठेवली. थुंकले. मग माझ्याकडे पाहिलं. मी बोलावं म्हणून थांबले होते, हे मला तेव्हाही कळत होतं. मी खुरपं धूत राहिलो.

कच्च्या खताचा ठपका ठेवून दुसऱ्या दिवसापासून काकांना रस्त्याच्या कडेच्या झाडांच्या कामावर पाठवलं. कुंपण माझ्याकडे आलं. मी त्या कोपऱ्यातली सगळी माती उपसली आणि काकांच्याच मापाने नवी भरली. कासव वाचलं. आठवड्याने त्याने पुन्हा जास्वंद खाल्ली तेव्हा माझा आनंद गगनात मावेना. उद्घाटनाला सगळ्यांनी माझी पाठ थोपटली, आणि मी ती थोपटून घेतली.

निवृत्त झाल्यावर काका एकदा नातीला घेऊन कासवं बघायला आले. कुंपणातून हात घालून त्यांनी चिमूटभर माती उचलली आणि चाखली.

"सरस छे," ते म्हणाले. मग नातीला म्हणाले, "ही माती या भाईने बनवली."

"काका, तुमचीच आहे," एवढंच मला बोलायचं होतं. मी नातीच्या हातात जास्वंदीचं फूल दिलं आणि कासव कुठे बसलंय ते तिला दाखवत राहिलो.