पुलाखालची माणसं

उमाबाई शाळेत चित्रकला शिकवायच्या. निवृत्त झाल्या, तरी आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणाराच राहिला. पुंडलिकनगरात त्यांच्या घराशेजारी नवी इमारत चढत होती. तिथं विटा वाहणारी पारूबाई पाण्यासाठी घागर घेऊन त्यांच्याकडं यायची. दुष्काळानं करमाडकडचं तिचं गाव निम्मं ओस पाडलं होतं. दिवसभर ती दुसऱ्यांच्या घरांच्या भिंती चढवायची, आणि दिवेलागणीला सासरा कडुबा आणि लहानग्या लेकीला घेऊन जवळच्या उड्डाणपुलाखाली पथारी टाकायची.

एका दुपारी ती घागर न घेताच आली. "मॅडम, पुलाखाली लोखंडी जाळी ठोकली. आमच्या वाकळा रस्त्यावर फेकल्या."

उमाबाई बघून आल्या. आत झेंडूच्या कुंड्या मांडल्या होत्या, खांबांवर मोर रंगवले होते. पारूबाईचं बिऱ्हाड समोरच्या बंद दुकानाच्या पायरीशी आलं होतं आणि येणारेजाणारे त्यांना ओलांडून चालले होते, खाली न बघता.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता उमाबाईंनी जाळीपुढच्या फुटपाथवर गेरू फासला आणि पारूबाईला त्यावर आडवं व्हायला सांगितलं.

पारूबाई बिचकली. "पोलीस मेलेल्या मानसाभवती रेघ मारत्यात, तसं व्हय?"

"नाही. इथं जिवंत माणसं राहत होती, ते दाखवायचंय."

त्यांनी रांगोळीनं तिची आकृती काढली. शेजारी लेक, मुठीत आईचा पदर धरलेली. पलीकडं गुडघे पोटाशी घेतलेला कडुबा. प्रत्येकाखाली नाव आणि गाव. उन्हं वर आली तशी वर्दळ वाढली, आणि कालपर्यंत माणसांना ओलांडणारे लोक रांगोळीला वळसा घालून जाऊ लागले. काही थांबून नावं वाचू लागले. वाऱ्यानं पुसलं की उमाबाई पुन्हा काढायच्या.

"पोलीस उचलून नेतील तुला," त्यांचे यजमान श्रीधरराव म्हणाले.

"नेऊ देत. चौकीच्या अंगणातही रांगोळीला जागा असेलच."

शेवटी सुशोभीकरणाच्या ठेकेदाराचा मुकादम कुंड्यांना पाणी घालणारा टँकर घेऊन आला. "ही घाण आधी धुऊन काढ," त्यानं ड्रायव्हरला फर्मावलं.

उमाबाई पुढं झाल्या, पण त्यांच्याआधी पारूबाई आपल्या आकृतीवर जाऊन आडवी झाली. "धू. रांगोळीसंगं मलाबी धुऊन काढ."

ड्रायव्हर पाईप हातात धरून तसाच उभा राहिला. "साहेब, माझ्याच्यानं नाय व्हायचं. माझी मायबी बांधकामावरच हाय."

टँकर दिसला म्हणून गल्लीतल्या बायका बादल्या घेऊन धावत आल्या. त्यांच्या नळाला आठवडाभर थेंब नव्हता. सगळ्यांत पुढं सुरेखा होती. पुलाखालची माणसं हलवा म्हणून तक्रार करणाऱ्यांत तीही होती. काय चाललंय ते कळल्यावर ती मुकादमावर उखडली, "आम्हाला प्यायला नाही आणि तुम्ही फरशी धुता?"

"हे कुंड्यांचं पाणी आहे, बाई."

"मग आज कुंड्या तहानलेल्या राहतील," उमाबाई म्हणाल्या आणि ड्रायव्हरकडं वळल्या. "सोड पाणी. पहिली घागर पारूबाईची."

सुरेखाची बादली टँकरच्या नळाखाली गेलेलीच होती. तिनं खाली पडलेल्या बाईकडं पाहिलं, मग रांगोळीतल्या पोरीच्या मुठीकडं. तिनं बादली मागं ओढली. मुकादम फोन लावत राहिला, तोवर टँकर रिकामा झाला.

जाळी काही निघाली नाही. पण त्याच बायका पारूबाईच्या बिऱ्हाडासाठी गल्लीतलं कुलूपबंद समाजमंदिर उघडायला गेल्या. निम्म्या कॉलनीनं विरोध केला, भांडणं झाली. अखेर नुसती पडवी मिळाली, तीही उन्हाळ्यापुरती. कडुबानं तिथं पहिल्यांदा पाय पसरले, तेव्हा त्याची वाकळ सुरेखानं अंथरली.

पुढच्या वर्षी दुसऱ्या पुलाखाली जाळी बसली. उमाबाई गेरूचा डबा घेऊन निघाल्या. रांगोळीची पिशवी सुरेखाच्या हातात होती. तिथल्या हवालदारानं अडवलं, "कुणाला विचारून काढताय हे?"

"इथं झोपणाऱ्यांना," उमाबाई म्हणाल्या आणि फुटपाथवर बसल्या.