सगळ्यांत शेवटी सुरू होणारी मोटर

दिल्या काल गेला.

आमच्या बॅचमधला एकमेव कारखानदार. कारखाना एकच हंगाम चालला.

धुळ्याला इलेक्ट्रिकल करत होतो आम्ही, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. शेवटच्या वर्षाला उद्योजकतेचा तास असायचा. सर आम्हाला स्वतः बनवलेले टेस्टिंग बोर्ड घेऊन साक्रीच्या बाजारात उभं करायचे.

एकच नियम होता. पहिलं गिऱ्हाईक नात्यातलं नको.

"घरचे लोक वस्तू घेत नाहीत, तुम्हाला घेतात. तक्रार करेल असं गिऱ्हाईक शोधा."

आम्ही बाकीचे पास झालो आणि निमूटपणे पुण्याला नोकरीला लागलो.

दिल्याने पारोळ्याजवळच्या आपल्या गावात ऑटो बनवायला घेतला. लाईट आली की विहिरीवरची मोटर आपोआप सुरू करणारा डबा. शेतकऱ्याचा हेलपाटा वाचायचा.

मी म्हटलं, "सरांचा नियम?"

तो हसला. "गावमा बठ्ठा आपलाच शेतस. नाही कोन म्हनी?"

खरंच कोणी नाही म्हटलं नाही. काका, मामा, भाऊबंद, सगळ्यांनी कौतुकाने घेतला. सगळ्यांच्या विहिरी एकाच डीपीवर, गावच्या एकुलत्या ट्रान्सफॉर्मरवर.

ऐन उन्हाळ्यात एका दुपारी गेलेली लाईट आली. गावातल्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठल्या, सगळा भार एकदम.

डीपी जळाली.

नवी येईपर्यंत कापसाच्या कोवळ्या रोपांनी माना टाकल्या.

दिल्या घरोघर हात जोडत फिरला. कोणीतरी शिव्या द्याव्यात म्हणून फिरत होता, असं मला आजही वाटतं. सगळ्यांत जास्त नुकसान झालेले त्याच्या भाऊबंदांतले नाना म्हणाले, "जाऊ दे भो. आपलाच पोऱ्या शे."

त्या मायेने त्याला संपवलं.

त्याने नवा डबा केला. लाईट आल्यावर लगेच नाही, बाकीच्या मोटरी सुरू झाल्यावर थोडं थांबून मोटर सुरू करणारा. उत्तम काम करायचा.

"पुढला साल देखूत भो," सगळे प्रेमाने म्हणाले.

ते साल आलंच नाही. पारोळ्याला दुकान टाकून त्याने जन्मभर दुसऱ्या कंपन्यांच्या जळालेल्या मोटरींचं वाइंडिंग भरलं. नवा डबा एकाच विहिरीवर बसला, त्याच्या स्वतःच्या.

काल त्याला शेताच्या कडेलाच निरोप दिला. लाईट नव्हती. चिता पेटली आणि थोड्या वेळाने लाईट आली.

चहूकडच्या मोटरी सुरू झाल्या. आता डीपी मोठी आहे, ऑटो बाजारातले आहेत.

त्याचा भाऊ त्यांच्या विहिरीकडे बघत उभा राहिला. मीही.

मग तिथली मोटर सुरू झाली. सगळ्यांच्या नंतर.

मला रडू आवरलं नाही.

दिल्या, सगळ्यांना आधी जाऊ देणारा डबा केलास आणि स्वतः मात्र आमच्या आधी निघालास. ही माझी तक्रार आहे. तुला न मिळालेल्या त्या पहिल्या गिऱ्हाइकाची, असं समज.

राम राम, भो.