‘वर्षाचं बोला’ मिस्त्री

मिस्त्रींना कशाचीही किंमत सांगा, ते हात झटकून म्हणायचे, “ते राहू द्या. वर्षाचं बोला.” भोसरीत त्यांची पत्र्याची शेड होती. तिथं कुणी नवी मोटारसायकल दाखवायला आणली तरी हेच. एकदा एका ऑपरेटरच्या गुटख्याचा त्यांनी वर्षाचा खर्च काढून सांगितला, तर तो गडी तीन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. खरं नाव कुणाला फारसं ठाऊकच नव्हतं. सगळे म्हणायचे, ‘वर्षाचं बोला’ मिस्त्री. मूळचे परभणीकडचे, अंगानं बुटके, आणि आवाज असा की चालू इंजिनाच्या वरताण ऐकू यावा.

आमची महाळुंग्याची जमीन कंपनीत गेली, तेव्हा आलेल्या पैशातून मी मिनी पोकलेन घेतली. कंपन्यांच्या आवारात केबलसाठी, ड्रेनेजसाठी चर खोदायला ही छोटी मशीन बरी पडते. पेढे घेऊन मी शेडवर गेलो. मिस्त्रींनी पेढा तोंडात टाकला, मशीनभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “मालक, वर्षाला खाते किती?”

मी ऐटीत म्हणालो, “डिझेल, अन् ऑपरेटरचा पगार.”

ते इतके हसले की माझं डोकंच फिरलं. मग एकेक बोट मोडत त्यांनी सुरुवात केली. विमा, ऑइल, फिल्टर, पिना, बुश, बकेटचे दात, रबरी ट्रॅक, एका साइटवरून दुसरीकडं न्यायची गाडी. “आन पावसाळ्यात काम बंद, पण विमा आन पगार चालूच. उभी मशीनबी जेवती, मालक!” त्या दिवशी मला ते भारी आगाऊ वाटले. पहिला पावसाळा सरेपर्यंत मात्र माझी जिरली होती.

खंडेनवमीला सगळे मशीन धुतात, झेंडूचे हार घालतात, नारळ फोडतात. मिस्त्री आधी गोणपाट अंथरायला लावायचे. त्यावर वर्षभरात काढलेला माल मांडायचा: झिजलेले दात, बोथट पिना, फाटका ट्रॅक. “हे बगा. मशीननं वर्षात तुमच्यासाठी एवढं झिजवलं.” मालकानं त्या गोणपाटाला हात जोडल्याशिवाय ते हार घालू द्यायचे नाहीत. मी पहिल्या वर्षी हसत जोडले. दुसऱ्या वर्षी हसलो नाही.

होस पाइपच्या बाबतीत तर ते कुणाच्या बापाचं ऐकत नसत. होस म्हणजे तेलाची जाड रबरी नळी. तिच्यातल्या दाबावर मशीनचा लोखंडी हात, म्हणजे बूम, हवेत उभा राहतो. मीटरवर दोन हजार तास झाले की होस काढायचा, मग तो कितीही नवा दिसो. हा नियम ऐकून मी कुरकुर केली की म्हणायचे, “फुटल्यावर जे जातं ना मालक, ते वर्षाच्या खर्चात बसत नाई.”

आणि मी शहाण्यानं काय करावं? चौथ्या वर्षी मला ही मशीन विकून मोठी घ्यायची होती. चाकणच्या एका दलालानं कानमंत्र दिला, की तासांच्या मीटरची वायर काढून ठेव, मशीन म्हातारी होत नाही. ठेवली काढून! काम रोजावर चालायचं, मीटर विचारतंय कोण? मशीन महिनोन् महिने राबली, मीटर चौदाशेवर झोपून राहिला. मिस्त्री मीटर बघूनच सर्व्हिस ठरवायचे, त्यामुळे होस बदलायची वेळ कधी आलीच नाही. खरे तास सव्वीसशेच्या पुढं गेले होते.

गिऱ्हाईक मिळालं. संतोष नावाचा बीडकडचा ऑपरेटर. त्याची बायको निघोज्यात कामगारांचे डबे करायची. दोघांनी पै-पै साठवली होती. तो म्हणाला, “मिस्त्री हो म्हणले तरच घेतो.” ठरल्या दिवशी ती दोघं आणि मिस्त्री आले. सकाळीच मला होसच्या सांध्यावर तेल पाझरलेलं दिसलं होतं. मी ते फडक्यानं पुसून टाकलं होतं.

मिस्त्रींनी बकेटच्या सांध्याची पिन हलवून पाहिली. “चौदाशे तासांच्या मानानं जास्तच घासलीय.” मग माझ्याकडं बघून म्हणाले, “मालक, मीटर बरोबर हाय ना?”

मी म्हणालो, “हो.”

“मग झालं. बूम उचला.”

मी सीटवर बसून बूम उचलला. परक्या मशीनखाली जाताना मिस्त्री आधी बूमला आधार म्हणून लाकडी ठोकळे रचायचे. माझ्या मशीनला त्यांनी ते कधीच लावले नव्हते. आजही ते टॉर्च घेऊन सरळ बूमखाली उताणे सरकले, खालचं ग्रीस बघायला. त्यांचं डोकं बरोबर त्या लोखंडाखाली होतं.

सांध्यावर एक थेंब जमला. पडला. दुसरा जमला. मिस्त्री खाली असताना बूम उतरवता येत नव्हता, आणि बोलावं तर संतोष आणि त्याची बायको समोर उभी. वाटलं, म्हाताऱ्याला सगळं कळलंय, मुद्दाम माझा अंत बघतोय. तिसरा थेंब लगेच आला.

“मिस्त्री, निघा बाहेर!”

“थांबा हो, ग्रीस बघू द्या.”

“निघा म्हणतो ना! मीटर खोटा आहे! सव्वीसशे तास झालेत!”

ते बाहेर आले. मी बूम खाली टेकवला, इंजिन बंद केलं. संतोषची बायको म्हणाली, “चला हो, डब्यांची वेळ झाली.” दोघं गेले. मिस्त्रींनी त्याच दुपारी होस बदलला आणि नेहमीची मजुरी घेतली. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढंही बोलावलं की यायचे, चहा घ्यायचे, हसायचे. फक्त माझ्या मशीनखाली जाताना आधी ठोकळे रचायचे.

मागच्या वर्षी ते शेड बंद करून गावाकडं निघाले. पान्यांच्या पेट्या टेंपोत चढवायला मी गेलो होतो. एवढी वर्षं टपरीवर मीच रंगवून सांगत आलो होतो, की मिस्त्रींनी एकदा माझी कशी परीक्षा घेतली. ते टेंपोत बसल्यावर न राहवून विचारलंच, “मिस्त्री, त्या दिवशी तुम्ही मुद्दाम खाली गेलात ना?”

ते माझ्याकडं वळले. “मुद्दाम? मला काय माहीत मीटर बंद हाय? पिन घासलेली दिसली, म्हणलं खडकात चालली असंल. तुम्ही हो म्हणलात, म्हणून गेलो.”

टेंपो निघून गेला. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.