उठल्यावर पुसलेली खुर्ची

बसायच्या आधी खुर्ची पुसणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. उठल्यावर पुसणारी एकच, माझी आत्या.

मॉरिशसमधल्या आमच्या गावाजवळचा, ऊसमळ्याच्या गोऱ्या मालकाचा बंगला आता हॉटेल झालाय. आत्याचं सगळं तरुणपण तिथल्या फरशा पुसण्यात गेलं. म्हणून मी मुद्दाम तिला तिथे चहाला नेलं. पुढच्या पायऱ्या चढताना तिने चपला काढून हातात घेतल्या.

"अगं आत्या, घाल त्या. आता कोणी काही म्हणत नाही."

व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत ती अगदी कडेला टेकली. समोर ऊस वाऱ्यावर हलत होता. चहा चांगलाय म्हणाली. निघताना उठली आणि पदराने खुर्ची पुसू लागली. आपण बसल्याची खूण मागे राहू नये म्हणून. मालक गेला, त्याची मुलं गेली, देशाचा झेंडासुद्धा बदलला. आत्याच्या हातापर्यंत यातलं काहीच पोचलं नव्हतं.

मला रडू येत होतं, पण मी चिडूनच बोललो, "आत्या, पाहुणे आहोत आपण इथे!"

"हो रे बाळा," ती म्हणाली, आणि वाकून तिने माझीही खुर्ची पुसली.