लक्ष्मीचा पहिला शब्द

मैत्रिणींनो, आपल्या शिक्षिकांच्या फिरत्या वहीत आज माझी चूक लिहिते आहे. आत्ताच शाळेतून आले, अजून चहाही घेतलेला नाही.

मानसशास्त्राच्या तासाला मी मोठ्या मुलींना मूल भाषा कसं शिकतं, ते शिकवत होते. एकेकीला विचारलं, "तुझा पहिला शब्द कोणता? आईनं सांगितलाय का?" लक्ष्मी गप्पच. तिचे वडील इथं सोलापुरात हातमागावर लुगडी विणतात, घरी सगळे तेलुगू बोलतात.

मी म्हणाले, "बघा, हिला अजून बोलायलाच यायचंय!" वर्ग खो खो हसला.

लक्ष्मी खाली बघत म्हणाली, "माझा शब्द 'पालु' होता, बाई. म्हंजे दूध. पण ती भाषा वर्गात बोलायची न्हाई, असं तुमीच सांगितलंय की."

खरंच, मीच सांगितलं होतं. तेही रागावून.

मी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. "असू द्या, बाई," एवढंच म्हणाली, पण तास संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही. मलाही पुढं शिकवता येईना.

तुमच्या वर्गात अशी गप्प बसणारी कुणी आहे का? ती का गप्प आहे, हे तुम्ही विचारलंय? मी दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.