चौदा नंबरचे दोन गुण

शारजाहून अल ऐनला जायचं असेल तर हिवाळ्यात, शुक्रवारी सकाळी निघा. एरवी दुबईपर्यंतच जीव निघतो, शुक्रवारी मात्र सुट्टीमुळे रस्ता मोकळा असतो.

आम्ही निघालो तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी हमरिया फ्री झोनमधल्या एका कंपनीत स्टोअरकीपर होतो. कंपनीच्या क्रिकेट सामन्यांचा स्कोअर मी नेटका लिहायचो, म्हणून शारजातल्या एका बास्केटबॉल क्लबनं मला स्कोअरच्या टेबलावर बसवलं. रत्नागिरीचे इस्माईलभाई घड्याळ सांभाळायचे आणि मी गुण लिहायचो. त्या दिवशी हंगामाचा शेवटचा सामना होता आणि नंतर हंगामात सर्वाधिक गुण करणाऱ्या खेळाडूला चषक मिळणार होता. आमचा परदेशी पगारी खेळाडू, दहा नंबर, अल ऐनच्या सात नंबरपेक्षा एका गुणानं पुढे होता. चषक मिळाला तरच पुढच्या वर्षीचा करार, असं मॅनेजरनं त्याला बजावलं होतं. हा माणूस प्रत्येक सामन्याआधी आमच्या टेबलापाशी येऊन हात मिळवायचा. बाकीच्यांना आम्ही फर्निचरच वाटायचो.

दुबई मागे पडली आणि वाळू हळूहळू तांबूस होत गेली. वाटेत एका कॅफेटेरियात थांबलो. ऑम्लेट-पराठा तीन दिरहॅम. "म्हणजे तीस-पस्तीस रुपये!" मी हळहळलो. "रुपये मोजत खाल्लास तर उपाशी मरशील, हबीबी," इस्माईलभाई म्हणाले. पराठा फर्मास होता. खाता खाता मी जुन्या सामन्यांच्या स्कोअरशीटच्या प्रती तपासायला काढल्या.

इस्माईलभाईंचं बोट एका ओळीवर थांबलं. "शेवटच्या सेकंदाचा बास्केट दहाच्या नावावर? अरे, त्याचा शॉट रिंगवरनं उडाला. आपल्या चौदा नंबरनं हवेतच टिप करून आत घातला. दोन पॉइंट चौदाचे."

"पण मूळ फटका दहाचा होता. ओव्हरथ्रोचे रन बॅट्समनलाच मिळतात ना?"

"हा क्रिकेट नाय रे!"

मी बेरीज पुन्हा करून पाहिली. गुण दुरुस्त केले तर दहा नंबर सात नंबरच्या एकानं मागे पडत होता.

"कोण बघतोय? खलास, बंद कर ते," इस्माईलभाई समजुतीनं म्हणाले. मी त्या प्रतीची घडी करून खिशात ठेवली. अल ऐन आलं तशी खजुराची झाडं दाट झाली, सगळं निवांत, हिरवंगार.

हॉलमध्ये दहा नंबर नेहमीसारखा हात पुढे करून आला. मी हात मिळवला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. त्यानं कागद हातात घेतला.

"चेंडूला शेवटचा हात कोणाचा लागला?" त्यानं विचारलं.

"चौदा नंबरचा."

"मग चौदा लिही."

मुख्य रेफ्रींसमोर मी दुरुस्ती केली आणि तिच्याशेजारी दहा नंबरनं स्वतःच सही केली. नंतर तो जिवाच्या आकांतानं खेळला, पण सात नंबरही तितकाच खेळला. त्या सामन्यात दोघांनी सारखेच गुण केले. चषक एका गुणानं सात नंबरला गेला. दहा नंबरनं त्याला मिठी मारली आणि जाताना माझ्या पाठीवर थाप देऊन म्हणाला, "यल्ला, सी यू."

पण पुन्हा भेट झालीच नाही. त्याचा करार वाढला नाही, उन्हाळ्यात तो गेला.

परतताना, शारजा आल्यावर इस्माईलभाई म्हणाले, "बरं झालं, सांगितलंस."

ती प्रत आज माझ्या कपाटात आहे. माझी मुलगी ती पाहून म्हणते, "बट बाबा, ही लॉस्ट बिकॉज ऑफ यू." खरंय. माझ्या चुकीची किंमत त्यानं भरली, आणि वर सही करून मला मोकळं केलं. त्या माणसाचे आभार मी नीट मानलेच नाहीत. म्हणून हे आज लिहिलं: त्या हंगामाच्या यादीत दहा नंबर दुसरा आहे, आणि तो आकडा अगदी बरोबर आहे.