गप बसायची धास्ती

आमच्या घरात माझ्या बडबडीला कुणी वैतागत नाही. त्याला कारण आहे. मागं मी पार गप्प झाले होते. भूक नाही, झोप नाही, शेजारीण दारात आली तरी ‘ये’ म्हणायला तोंड उघडायचं नाही. मग राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी मनाला उभारी यायची एक गोळी दिली आणि हळूहळू माझा आवाज मला परत मिळाला. आमचे मालक तर म्हणायचे, “गोळी जरा जास्तच लागू पडली की!”

तीच गोळी बंद झाली. डॉक्टर म्हणाले, “काकू, काहींच्या लिव्हरला ही बाधली. फार थोड्यांना, पण ज्यांना बाधली त्यांचं फार वाईट झालं. कंपनीनं बनवायचीच थांबवली.” त्यांनी रक्त तपासलं, गोळी कमी करत करत सोडवली, दुसरी चालू केली आणि उरलेल्या परत आणायला सांगितल्या. नेऊन दिल्या मी. पण एक पाकीट तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवलं. लिव्हरची भीती होतीच, त्या गप्पपणाची त्याहून जास्त.

रिपोर्ट चांगला आला. तरी जीव थाऱ्यावर नाही. उठल्याबरोबर आरशात डोळे पिवळे दिसतात का बघायचं, मग उगाच बोलून बघायचं. भाजीवालीशी, मांजराशीसुद्धा. मालकांची तऱ्हा वेगळीच. मी जरा थांबले की बाहेरनं हाक, “अगं, हायस न्हवं?”

उन्हाळ्यात वर्षाच्या चटणीसाठी मिरच्या भाजत होते. ठसका लागू नये म्हणून तोंडाला पदर घट्ट बांधलेला. मालक आले.

“गप का गं बसलीयास?”

मी हातानंच ‘जावा तिकडं’ म्हणून खुणावलं. त्यांचा चेहराच उतरला.

“बोल की काहीतरी. शिव्या दे, पण बोल.”

मिरचीनं माझ्या डोळ्यांत पाणी. ते बघून तर त्यांनी दवाखान्यात न्यायला ओळखीच्या रिक्षावाल्याला फोन करून बोलावलंच.

मग सोडला पदर. “अहो, मिरच्या करपतील! दिसत न्हाय व्हय? दार उघडा आधी!” खोकत खोकत जी सुरू झाले ती थांबेचना. माणूस बोलणी खात हसत उभा, फोन हातात तसाच.

मिरच्या उतरवल्या, हात धुतले, तांदळात कोपरापर्यंत हात घातला आणि ते पाकीट त्यांच्यापुढं टाकलं.

“हे कुठं हुतं?”

“गप बसा,” मी म्हटलं. “रिक्षा येतीयाच, तर डॉक्टरांकडं देऊन या.”